कच्चा पाय पक्का करणारे मास्तर

सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते, हे आधी सांगायला हवं. २०२४ च्या ईदच्या सुमारास ‘मैदान’ चित्रपट आला, अजय देवगणने त्यांची भूमिका केली आणि ज्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एक सामनाही पाहिला नव्हता त्यांनाही रहीमसाहेब ठाऊक झाले. पडद्यावर प्रशिक्षक जास्त दिसतो, मास्तर कमी. पण त्यांचं सगळं फुटबॉल वर्गातून आलेलं होतं.

जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून बी. ए. झाले, तिथल्या संघातून खेळले, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि काचीगुडा, चादरघाट अशा शहरातल्या शाळांमधून शिकवू लागले. आपल्याला चांदवडात बसून हैदराबाद फार लांबचं वाटतं. खरं तर त्या काळी निजामाच्या मुलखाची आगगाडी आपल्या शेजारच्या मनमाडहूनच सुटायची. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत ती सिकंदराबादला पोचायची. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. म्हणजे रहीमसाहेबांच्या मुलखाची हद्द आपल्या अगदी जवळ येऊन भिडलेली होती.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत त्या कामात राहिले. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे स्पर्धाही त्यांनी मास्तरासारख्या भरवल्या. एका स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू पायाशी घोळवत, दोघातिघांना चकवत पुढे जायचं नाही. आला की द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत मुलांनी फक्त आपल्या कच्च्या पायाने खेळायचं. उजव्याने मारणाऱ्याने डाव्याने, डावखुऱ्याने उजव्याने. बघणाऱ्यांना गंमत वाटली असेल. ज्या मुलाला आपण मैदानावर राजा आहोत असं वाटत होतं त्याला मात्र पहिल्या दहा मिनिटांत घाम फुटला असणार.

हे दोन नियम वाचले की मला फुटबॉलमधली एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे क्रॉस. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानाच्या कडेवरून गोलच्या तोंडासमोर जो चेंडू टाकतात तो क्रॉस. कडेवर खेळणारा विंगर तो टाकतो, आणि आजकाल बचावातला फुल-बॅकही पुढे धावत येऊन टाकतो. टीव्हीवर उंच, लांब, देखणा क्रॉस गेला की समालोचक ओरडतो. पण देखणा क्रॉस आणि चांगला क्रॉस या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

चांगल्या क्रॉसची पहिली अट साधी आहे: तो सगळ्यात जवळच्या बचावपटूच्या अंगाला लागता कामा नये. निम्मे क्रॉस इथेच मरतात. दुसरी अट जागेची. बचावफळी आणि गोलरक्षक यांच्यामध्ये एक पट्टा असतो. तिथे चेंडू पडला की गोलरक्षकाला कळत नाही पुढे यावं की खांबाशी थांबावं, आणि गोलकडे तोंड करून मागे धावणाऱ्या बचावपटूला भीती असते की आपलाच पाय लागून चेंडू आत जाईल. फार पुढे टाकला तर गोलरक्षक आरामात उचलतो, फार मागे टाकला तर बचावपटू डोक्याने बाहेर ढकलतो. तिसरी अट वेळेची. सहकारी जिथे उभा आहे तिथे चेंडू टाकून उपयोग नाही. चेंडू पोचेल तेव्हा तो जिथे असेल तिथे टाकायचा. त्यासाठी पाय चेंडूला लागण्याआधीच मान वर करून एकदा बघून घ्यावं लागतं. मारताना बघायला गेलं तर चेंडू निसटतो.

आणि क्रॉस दरवेळी उंच असायलाच हवा असं कुठे लिहिलंय? गोलरेषेपर्यंत जाऊन मागच्या बाजूला जमिनीलगत दिलेला चेंडू अनेकदा जास्त घातक ठरतो. बचावपटू गोलकडे पळत असतात, चेंडू त्यांच्या मागे येतो आणि मारणारा समोरून धावत येतो. यात ताकद लागत नाही, डोकं लागतं.

आता रहीमसाहेबांचे दोन नियम याच्याशी ताडून पाहा. ड्रिब्लिंग बंद केली की मुलगा चेंडू लवकर सोडायला शिकतो. कडेवर एकाला चकवलं, मग हौसेने दुसऱ्याला चकवायला गेलं, तोवर समोरची बचावफळी आपापल्या जागी उभी राहिलेली असते. तिच्या डोक्यावरून सहकाऱ्याला शोधणं कठीण. लवकर टाकलेला, थोडा कच्चा क्रॉससुद्धा उशिरा टाकलेल्या सुंदर क्रॉसपेक्षा बरा. कच्च्या पायाचंही तेच. ज्याला एकच पाय आहे तो डाव्या कडेवर सापडला की चेंडू उजव्या पायावर घेण्यासाठी थांबतो, वळतो. तेवढी दोन पावलं बचावपटूला पुरतात. ज्याचे दोन्ही पाय चालतात त्याला थांबावंच लागत नाही.

रोजाच्या दिवसांत अस्रच्या नमाजनंतर मैदानावर उतरणारी पोरं कधी पाहा. पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही, मगरिबला अजून तासभर अवकाश. अशा वेळी कोणी उगाच पळत नाही. चेंडू पटापट एकमेकांना देतात, पळायचं काम चेंडूकडून करून घेतात. सांगायला मास्तर नसतो, पण खेळ मास्तरांचाच असतो.

१९५० मध्ये रहीमसाहेबांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला आणि मुंबईकरांनी त्यांची शाळा प्रत्यक्ष पाहिली. कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स कप ही तेव्हा देशातली मानाची स्पर्धा. हैदराबाद पोलिसांनी तो कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. मुंबईत येऊन, मुंबईच्या पावसाळी मैदानावर, पाच वर्षं ओळीने.

राष्ट्रीय संघाचं कामही त्यांच्याकडे आलं. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला मेवालालच्या एकमेव गोलवर हरवून सुवर्णपदक जिंकलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. आपल्या कोरड्या, तापलेल्या मैदानावर अनवाणी पायाची चेंडूशी लगट फार नाजूक असते. जवळचे पास, चकवे, सगळं जमतं. थंडीत, ओल्या गवतावर, पाणी पिऊन जड झालेला चामडी चेंडू कडेवरून तीस-पस्तीस पावलं दूर, डोक्याच्या उंचीने पोचवायचा तर पायात बूट हवेतच. अनवाणी खेळण्यात एक शान होती हे मान्य, पण त्या शानेची किंमत आपण दहा गोलांनी मोजली. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

त्याच हेलसिंकीत हंगेरीने सुवर्णपदक जिंकलं होतं. मधला आघाडीपटू थोडा मागे ठेवायचा आणि समोरच्या बचावपटूंना कोड्यात टाकायचं, ही त्यांची चाल. हरलेला मास्तर परत येताना रिकाम्या हाताने आला नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ तशाच मांडणीने उतरला.

इथे आपल्याकडचा माणूस येतो. नेव्हिल डिसोझा, गोव्याच्या आसगावचा आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेला खेळाडू. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असं हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिलचे आणि चौथा किट्टूचा. (बरोबर महिनाभर आधी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला होता. मास्तरांचं जुनं राज्य नकाशावरून पुसलं गेलं आणि त्यांचा संघ जगात गाजत होता.) नेव्हिलने त्या ऑलिंपिकमध्ये एकूण चार गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत तो बसला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने ४-१ आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असं हरवलं. भारत चौथा. त्यापुढे आपण आजवर गेलेलो नाही.

उजव्या कडेवर होता प्रदीपकुमार बॅनर्जी, सगळ्यांचा पीके. त्याची शूटिंग जबरदस्त होती, आणि क्रॉसच्या बाबतीत ही मोठी गोष्ट. कडेवरचा खेळाडू गोलवर मारू शकतो हे माहीत असलं की गोलरक्षकाला आपला जवळचा खांब सोडता येत नाही. तो तिथे अडकला की गोलसमोरची जागा आपोआप मोकळी होते. ज्याच्या पायात फक्त क्रॉसच आहे त्याचा क्रॉस गोलरक्षक आधीच ओळखतो.

फुल-बॅकची गोष्ट थोडी निराळी. जुन्या मांडणीत त्याने मागे राहायचं, समोरच्या विंगरला धरायचं, चेंडू आला की लांब भिरकावायचा. मध्यरेषा ओलांडली तर लोक भुवया उंचावत. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने ४-२-४ अशी मांडणी जगाला दाखवली. मागे चौघे असल्यामुळे कडेच्या दोघांना पुढे जाण्याची मुभा मिळाली. १९६२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलचा तिसरा गोल असाच आला. जाल्मा सांतोस या फुल-बॅकने उजवीकडून चेंडू उंच उडवला, चेकोस्लोव्हाकियाच्या गोलरक्षकाच्या हातून तो सुटला आणि वावाने आत ढकलला. फुल-बॅकचं काम विंगरपेक्षा अवघड असतं. तो लांबून, पूर्ण वेगात येतो, त्याला थांबून श्वास घ्यायला वेळ नसतो. शिवाय चेंडू वाया गेला तर त्याच्या मागची जागा उघडी पडते आणि तेवढंच अंतर उलट धावायचं असतं. म्हणून फुल-बॅकला निव्वळ छान क्रॉस येऊन भागत नाही. कधी जायचं नाही हेही कळावं लागतं.

त्याच १९६२ साली रहीमसाहेब ४-२-४ घेऊन जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला गेले. तेव्हा त्यांच्या शरीरात कर्करोग घर करून बसला होता. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. मग थायलंडला ४-१, जपानला २-०. थायलंडच्या सामन्यात मधला बचावपटू जरनैल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. उपांत्य सामन्यात मास्तरांनी त्याला बाहेर न बसवता चक्क आघाडीवर उभं केलं! एवढा दांडगा माणूस गोलसमोर उभा राहिला की कडेवरून येणाऱ्या चेंडूला पत्ता सापडतो. त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला, चुनी गोस्वामीने दोन, आणि भारत ३-२ ने अंतिम फेरीत पोचला.

४ सप्टेंबरला समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने येऊ दिलं नाही, त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतलेला, त्यामुळे एक लाखाचं स्टेडियम आपल्या विरोधात. पीके पुढे सांगत असत की त्या गर्दीत भारतासाठी ओरडायला पाकिस्तानचा हॉकी संघ उभा होता. आदल्या रात्री मास्तरांनी खेळाडूंकडे एक भेट मागितली होती, सुवर्णपदकाची. १७ व्या मिनिटाला पीके, २० व्या मिनिटाला जरनैल. कोरियाने शेवटी एक फेडला. २-१.

११ जून १९६३ रोजी हैदराबादमध्ये रहीमसाहेबांचा इंतकाल झाला. वय ५३. आशियाई सुवर्णपदक त्यानंतर भारतीय फुटबॉलला पुन्हा मिळालेलं नाही.

जकार्ताच्या त्या संघात मुंबईच्या मैदानांवरचे दोघे होते. एक फॉर्च्युनॅटो फ्रँको, टाटांकडून खेळणारा गोव्याचा हाफ-बॅक. दुसरा फुल-बॅक चंद्रशेखर, मूळचा केरळच्या इरिंजालकुडाचा, खेळायचा मुंबईच्या कॅलटेक्सकडून. मास्तर गेले त्याच मोसमात, १९६३-६४ मध्ये, महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली. कर्णधार होता चंद्रशेखर. अंतिम सामन्यात त्याने ज्यांना हरवलं तो संघ आंध्र प्रदेशचा, म्हणजे रहीमसाहेबांच्याच घरचा होता.