डॉ. वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर हे कर्करोगावर संशोधन करणारे थोर डॉक्टर होते. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. ते शिकायला लंडनला गेले. १९२३ साली तिथे एम.डी. झाले. परत येऊन त्यांनी मुंबईत डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकवलं. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले.

रोग्याच्या गाठीचा बारीक तुकडा घ्यायचा. त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचा. तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेशी वेड्यावाकड्या वाढलेल्या दिसल्या की कर्करोग ओळखायचा. असं त्यांचं काम होतं.

पण हा रोग ह्याच जागी का झाला, हेसुद्धा ते शोधत. रोगी काय चघळतो, धोतर किती घट्ट नेसतो, सगळं बघत. चुना लावून मळलेली तंबाखू ओठात जिथं धरतात तिथंच कर्करोग होतो, हे त्यांनी १९४५ साली जगाला सांगितले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते वारले.

आमच्या सातारा-सांगलीकडे पारावर, बांधावर मोठी माणसं तंबाखू मळतात. आमचे आजोबापण बार धरतात. गुरुजींनी ही माहिती सांगितली त्या दिवशी मी आजोबांना ओठ दाखवायला लावला. आत पांढरा डाग आहे. वडील त्यांना सोमवारी मिरजेला दवाखान्यात नेणार आहेत. आजोबा मला चुना आणायला दुकानात पाठवायचे. आता मी जात नाही.

इयत्ता ४ थी