चॅम्पियन आणि एसी : दोन्ही स्पार्क प्लग एकाच माणसाच्या नावाचे, पण त्याच्याकडे राहिली फक्त आद्याक्षरं

जुन्या पेट्रोल गाड्यांचा नाद असणाऱ्यांना प्लगचे दोन ब्रँड हमखास माहीत असतात, चॅम्पियन आणि एसी. दोघे एकमेकांचे कट्टर स्पर्धक. पण ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, आणि तो इंजिनिअर वगैरे नव्हता. तो सायकलपटू होता.

अल्बर्ट चॅम्पियन. जन्म १८७८, पॅरिस. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पोरगा लहानपणीच कामाला लागला आणि सायकलच्या शर्यतींत उतरला. १८९९ साली त्यानं पॅरिस-रूबे जिंकली. अडीचशे किलोमीटरहून लांब, खडबडीत रस्त्यांची ही शर्यत आजही सायकलिंगमधल्या सगळ्यात अवघड शर्यतींत गणली जाते.

पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत गेला. तिथं पुढे मोटारसायकल आणि तिच्या मागे चिकटून सायकलवाला, अशा शर्यतींना तुफान गर्दी व्हायची. इंजिनशी त्याची ओळख पक्की झाली ती इथंच. मग तो स्वतःच मोटारींच्या शर्यतीत उतरला आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवर गाडी उलटली. मांडीचं हाड मोडलं, पाय कायमचा आखूड झाला. कुणीही इथं थांबलं असतं. हा गडी फ्रान्सला परतला आणि १९०४ मध्ये तशाच पायानं राष्ट्रीय विजेता झाला.

त्यानंतर मात्र त्यानं धंद्यात लक्ष घातलं. बोस्टनमध्ये स्ट्रॅनाहॅन बंधूंच्या भांडवलावर कंपनी उभी केली आणि फ्रान्सहून इग्निशनचे पार्ट आणून विकायला लागला. प्लगही त्यातच.

प्लग दिसायला एवढासा, पण काम नाजूक. त्याचं टोक इतकं गरम राहिलं पाहिजे की साचलेला कार्बन जळून जाईल, म्हणजे ढोबळमानानं ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर. पण ८५०-९०० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. म्हणून 'हॉट' आणि 'कोल्ड' प्लग असतात. हॉट प्लग उष्णता हळू बाहेर सोडतो, कोल्ड प्लग झटपट. ऑइल जाळणाऱ्या थकलेल्या इंजिनात प्लग सारखा काळा पडत असेल तर बरेच मेकॅनिक एक नंबर हॉट प्लग टाकतात. त्यानं गाडी चालते, रिंगा काही दुरुस्त होत नाहीत. आकड्यांचा घोळ वेगळाच. चॅम्पियन आणि एसीमध्ये आकडा वाढला की प्लग हॉट, एनजीकेमध्ये नेमकं उलटं. आट्यांची लांबी चुकली तर प्लग थेट पिस्टनला धडकू शकतो. त्यामुळे गाडीचं मॅन्युअल आणि कंपनीचा तक्ता न बघता प्लग घेऊ नये.

तर झालं असं की, १९०८ साली ब्युक कंपनी चालवणाऱ्या विल्यम ड्युरंटनं अल्बर्टला फ्लिंटला बोलावलं. ब्युकसाठी प्लग बनवायचे होते. अल्बर्ट गेला, पण बोस्टनची कंपनी आणि तिचं नाव स्ट्रॅनाहॅन बंधूंकडेच राहिलं. त्यांनी पुढे टोलेडो शहरात बस्तान बसवलं आणि चॅम्पियन स्पार्क प्लग घरोघरी पोचवला. इकडे फ्लिंटमध्ये अल्बर्टनंही आपल्या कंपनीच्या नावात चॅम्पियन लावलं. साहजिकच वाद पेटला. ज्याचं आडनाव चॅम्पियन, त्यालाच चॅम्पियन नावाचा प्लग विकता येईना.

शेवटी त्यानं स्वतःची आद्याक्षरं घेतली आणि १९२२ मध्ये कंपनीचं नावही एसी स्पार्क प्लग झालं. म्हणजे या एसीचा अल्टरनेटिंग करंटशी काही संबंध नाही.

मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गनं न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्यानं, न थांबता विमान नेलं. साडेतेहतीस तास. इंजिनात नऊ सिलेंडर, प्रत्येकाला दोन प्लग, आणि ते प्लग होते एसीचे. समुद्रावर इंजिन बंद पडलं असतं तर खेळ तिथंच संपला होता. अल्बर्टच्या प्लगची याहून मोठी जाहिरात झाली नसती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, अल्बर्टचा पॅरिसमध्येच मृत्यू झाला. एसी कंपनी जनरल मोटर्सकडे गेली आणि पुढे 'एसीडेल्को' नावानं चालू राहिली. त्याचं अख्खं आडनाव मात्र आजही प्रतिस्पर्ध्याच्याच खोक्यावर छापलं जातं.