विश्लेषण : पहिला घरगुती टीव्ही पाच वर्षांत निकामी कसा झाला? जॉन लोगी बेअर्ड आणि ‘टेलिव्हायझर’ची गोष्ट

दिवाळीचा बोनस खात्यात जमा झाला की नवलाख उंबरे आणि तळेगाव एमआयडीसी पट्ट्यातल्या अनेक घरांत नव्या टीव्हीचा विषय निघतो. दुकानात गेलं की खोक्यांवर फोर-के, एचडीआर, क्यूएलईडी, एआय अशा शब्दांची गर्दी दिसते. यातलं आपल्या घरी नेमकं काय दिसणार, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. हा गोंधळ आजचा नाही. टीव्ही पहिल्यांदा विकायला आला, तेव्हापासूनचा आहे, आणि त्याच्या मध्यभागी होते जॉन लोगी बेअर्ड.

कोण होते बेअर्ड?

१३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्ग या गावी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मगुरू. मुलाची प्रकृती कायम नाजूक. इंजिनीअरिंगचं शिक्षण पहिल्या महायुद्धामुळे अर्धवट राहिलं. वीज कंपनीत नोकरी करतानाच त्यांनी पाय कोरडे ठेवणारे मोजे विकायला काढले. त्यासाठी जाहिरातीचे फलक अंगावर अडकवून बायकांना ग्लासगोच्या रस्त्यांवर फिरवलं. हा प्रकार तिथे नवा होता, त्यामुळे चर्चाही झाली. पुढे त्रिनिदादला जाऊन जॅमचा कारखाना काढला, तो बुडाला. मग लंडनमध्ये साबणाचा धंदा केला. थोडक्यात, टीव्हीकडे वळण्याआधी हा माणूस विक्रीत मुरलेला होता.

१९२३ मध्ये हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी त्यांनी टोपीचा खोका, सायकलच्या दिव्याची भिंगं, रफूच्या सुया अशा सामानातून यंत्र जुळवलं. मूळ कल्पना जर्मनीच्या पॉल निपको यांची, १८८४ ची. गोल तबकडीवर सर्पिलाकार भोकं पाडायची. तबकडी फिरली की प्रत्येक भोक चित्राची एक रेघ वाचतं. दुसऱ्या टोकाला तशीच तबकडी त्याच वेगाने फिरली की रेघा पुन्हा जुळतात आणि चित्र दिसतं. कागदावर सोपं आहे, पण दोन तबकड्या एका तालात फिरवणं हे डोकं उठवणारं काम.

१९२५ मध्ये लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी तीन आठवडे प्रात्यक्षिकं दाखवली. तेव्हा फक्त सावलीसारख्या आकृती दिसत. दुकानाने वाटलेल्या पत्रकात चित्र लुकलुकतं, सदोष आहे, हे स्वतःहून लिहिलं होतं. पुढच्या सगळ्या गदारोळात एवढा प्रामाणिक कागद क्वचितच दिसतो. २६ जानेवारी १९२६ रोजी सोहो भागातल्या माडीवरच्या प्रयोगशाळेत रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांनी खरा, छटांसह हलणारा चेहरा पाहिला. ही कामगिरी निर्विवाद बेअर्ड यांची.

मग घोळ कुठे झाला?

पैसा उभा करण्यात. त्यांचे भागीदार कॅप्टन ऑलिव्हर हचिन्सन जाहिरातबाजीत पटाईत होते. १९२७ मध्ये कंपनीचे शेअर लोकांना विकले गेले. शेअर टिकवायचे तर सतत नवी बातमी हवी. १९२८ हे एकच वर्ष पाहा. फेब्रुवारीत अटलांटिकपार चित्र, जुलैत रंगीत चित्र, ऑगस्टमध्ये त्रिमितीय चित्र. सगळी प्रात्यक्षिकं खरी होती, पण सगळी प्रयोगशाळेतली. सप्टेंबरमध्ये लंडनच्या ऑलिम्पिया रेडिओ प्रदर्शनात घरगुती टीव्ही संच मांडले गेले. तेव्हा ब्रिटनमध्ये टीव्हीचं नियमित प्रक्षेपणच नव्हतं! पुढच्याच महिन्यात बीबीसीने प्रात्यक्षिक पाहून नकार दिला. ग्राहकाला दाखवलेलं स्वप्न तिसऱ्याच्या परवानगीवर टांगलेलं होतं.

सरकारी दबावानंतर ३० सप्टेंबर १९२९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. हाताशी ट्रान्समीटर एकच, त्यामुळे आधी चित्र, मग आवाज, अशी पाळी लावावी लागली. दोन्ही एकत्र यायला ३१ मार्च १९३० उजाडला.

ग्राहकाच्या हाती काय आलं?

१९३० मध्ये ‘टेलिव्हायझर’ २५ गिनींना, म्हणजे सव्वासव्वीस पौंडांना बाजारात आला. साध्या कामगाराची ती कित्येक आठवड्यांची कमाई. एवढे पैसे मोजून दिसायचं काय, तर काडेपेटीएवढं, उभं, केशरी चित्र. एका वेळी एकाच माणसाने, फार तर दोघांनी वाकून पाहायचं. चित्रात रेघा ३०, सेकंदाला साडेबारा चित्रं. तुलनेला आजच्या फुल एचडीत १०८० ओळी असतात आणि फोर-केमध्ये २१६०. शिवाय हा संच एकटा चालत नसे. चित्रासाठी एक आणि आवाजासाठी दुसरा, असे दोन रेडिओ लागत. कार्यक्रम बहुतेक सकाळी अर्धा तास. असे सुमारे हजार संच विकले गेले.

३० रेघांची मर्यादा हा बेअर्ड यांचा आळस नव्हता. चित्र रेडिओच्या मध्यम लहरींवरून जात होतं आणि त्या अरुंद वाटेत याहून जास्त तपशील मावतच नव्हता. गणित साधं होतं, कंपनीलाही ठाऊक होतं. म्हणूनच याला सरळ फसवणूक म्हणणं मला पटत नाही, पण निष्पाप उत्साह म्हणणंही पटत नाही. यंत्र खरं होतं. पुढे याच संचावर सगळं स्पष्ट दिसेल, ही अपेक्षा वाढू देणं चुकीचं होतं.

सप्टेंबर १९३५ मध्ये ३० रेघांचं प्रक्षेपण बंद झालं आणि सगळे टेलिव्हायझर एका दिवसात शोभेची वस्तू बनले. नवी सेवा सुरू व्हायला २ नोव्हेंबर १९३६ उजाडला.

आज याचा संबंध काय?

शब्द बदललेत, युक्त्या ओळखीच्या आहेत. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जाणारा संच बहुतेक वेळा एलसीडीच असतो, फक्त मागचा उजेड एलईडीचा. ‘एचडी रेडी’ म्हणजे फुल एचडी नव्हे. ‘फोर-के सपोर्ट’ लिहिलेल्या टीव्हीचं पॅनेल फोर-केच असेल असं नाही. तो सिग्नल घेतो आणि कमी ओळींत दाखवतो. एचडीआरचंही तसंच, पडद्याला पुरेसा उजेड नसेल तर शिक्का नुसताच. म्हणून दुकानदाराला पॅनेलचं रेझोल्यूशन विचारा, ३८४० बाय २१६० असेल तरच फोर-के. तो आकडा बिलावर लिहून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

बेअर्ड यांचं पुढे काय झालं?

१९३६ च्या नव्या सेवेत बीबीसीने त्यांची २४० रेघांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची पद्धत आलटून पालटून वापरली. त्याच नोव्हेंबरच्या ३० तारखेला क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथली बेअर्ड कंपनीची प्रयोगशाळा बरीचशी जळाली. १९३७ च्या सुरुवातीला त्यांची पद्धत बंद करण्यात आली. युद्धकाळात ते पदरमोड करून रंगीत टीव्हीवर काम करत राहिले. १९४४ मध्ये त्यांनी पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक रंगीत चित्रनळी दाखवली. या वेळी विकायला काही नव्हतं आणि फारसं कुणी पाहायलाही आलं नाही.

युद्धात बंद पडलेला बीबीसीचा टीव्ही ७ जून १९४६ रोजी ४०५ रेघांवर पुन्हा सुरू झाला. १४ जून रोजी बेक्सहिल इथे बेअर्ड यांचं निधन झालं. ते ५७ वर्षांचे होते.