'स्टुडंट' नावाचा माणूस

संख्याशास्त्राच्या तासाला 'स्टुडंटची टी-चाचणी' हे शब्द प्रथम ऐकले, तेव्हा ती विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली एखादी चाचणी असावी, अशी माझी समजूत झाली. 'स्टुडंट' हे एका माणसाचे टोपणनाव आहे, हे पुढे कळले आणि मी त्याची माहिती शोधू लागलो.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. ऑक्सफर्डला गणित व रसायनशास्त्र शिकून १८९९ साली ते डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात रुजू झाले.

अमुक माल्टातून सत्त्व किती उतरते, कोणत्या जवाचे वाण किफायतशीर, हे तेथील प्रश्न. पण मोजमापे हाती येत ती थोडी, आणि तीही उशिरा. जवाचे पीक वर्षातून एकदाच. पेरणीच्या वेळी केलेल्या निवडीचा गुण मळणी होऊन, माल्ट तयार होऊन, बिअर आंबल्यावरच पुरता कळायचा. शेकडो आकडे जमेपर्यंत थांबायला कारखान्याला सवड नव्हती. आणि त्या काळचे संख्याशास्त्र तर मोठ्या नमुन्यांवरच उभे होते.

१९०६-०७ मध्ये गॉसेट लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकले. तीन हजार गुन्हेगारांची उंची व मधल्या बोटाची लांबी यांची मापे त्यांनी पत्त्यांवर लिहिली, पत्ते पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. एवढ्याशा गटाची सरासरी कितपत चुकू शकते याचे आपले गणित त्यांनी त्यावर पडताळून पाहिले. कंपनीच्या नियमामुळे स्वतःचे नाव देता येत नव्हते. म्हणून १९०८ साली 'बायोमेट्रिका'त तो निबंध 'स्टुडंट' या नावाने छापून आला.

१९१४ मध्ये त्यांनी आणखी एक सावधगिरी सांगितली. काळाबरोबर दोन गोष्टी वाढत गेल्या, तर त्यांचा परस्परसंबंध नसतानाही तो भासतो. अशा वेळी एका नोंदीतून आधीची नोंद वजा करून उरलेले फरक ताडून पाहावेत, अशी ती रीत होती.

पुढे आर. ए. फिशर यांनी त्यांच्या चाचणीला आजचे रूप दिले. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी गॉसेट वारले. तोपर्यंत ते गिनेसच्याच नोकरीत होते.

आज अर्थशास्त्र, मानसशास्त्राचे विद्यार्थी ही चाचणी रोज वापरतात. मला मात्र त्यांचा एक गुण विशेष मोलाचा वाटतो. पुरावा अपुरा असताना ते गप्प बसले नाहीत आणि छातीठोकपणे बोललेही नाहीत. आपण किती चुकू शकतो, हे त्यांनी आधी मोजले.