स्मृतिचित्रकार लक्ष्मीबाई टिळक

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या कीर्तिशेष व्यक्तीचे चरित्र असावे, असा संकेत आहे. यंदा त्या जागी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव पाहून कित्येक वडीलधाऱ्या मंडळींच्या भुवया उंचावतील, हे प्रस्तुत लेखक जाणून आहे. लक्ष्मीबाई जन्माने गोखल्यांच्या, विवाहाने टिळकांच्या. म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही आपल्याच चित्पावन घराण्यांतील. पण वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि त्याही आधी जात सोडली. ज्या बाईने ज्ञातीचा उंबरठा समजून-उमजून ओलांडला, तिला ज्ञातीच्या पुस्तकात ओढून आणणे कितपत शोभते, हा प्रश्न योग्यच आहे. नावामागे कै. हे अक्षर लावावे की नाही, येथपासूनच अडचण. तेव्हा त्यांना आपल्या म्हणून मिरवण्याचा हेतू येथे नाही. आपल्याच घरांतील सोवळ्याच्या चुलीपाशी वाढलेल्या एका बाईची श्रद्धा कशी घडत गेली, एवढेच सांगावयाचे आहे. त्यांच्या आयुष्यातील दोन निर्णायक वर्षे आपल्या साताऱ्यात गेली, हे आणखी एक निमित्त.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. वडील नाना गोखले यांचे सोवळे हा त्या काळातही अचंब्याचा विषय होता. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने नानांच्या मनाने शुचिर्भूततेचा जो ध्यास घेतला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. धान्य तर राहोच, पण मीठदेखील या नियमातून सुटत नसे. मुलांची त्यात किती कुचंबणा होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सर्व लिहिले, तेव्हा त्यात वडिलांविषयी कडवटपणा आणला नाही. हसत हसत लिहिले. मात्र त्या हसण्यामागे एक गोष्ट त्यांना फार लवकर कळली होती. देवासाठी म्हणून पाळलेला आचार माणसाला देवापासून आणि माणसांपासूनही दूर नेऊ शकतो, ही ती गोष्ट.

अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. बुद्धी तेजस्वी, वाणी रसाळ, कवित्व अंगी उपजत. आणि स्वभाव असा की, एका गावी, एका नोकरीत, एका विचारात दीर्घकाळ टिकणे कठीण. घरखर्चाचे पैसे घेऊन बाजारात गेलेला हा गृहस्थ भलतीच वस्तू घेऊन परते, किंवा वाटेत कोणास देऊन रिकाम्या हाताने येई. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्याच शिकवण्यातून. शाळेची पायरी न चढलेली ही बाई पुढे मराठीतील एका अव्वल आत्मचरित्राची लेखिका व्हावी, याचे श्रेय काही अंशी त्या विक्षिप्त गुरूला दिलेच पाहिजे.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली व त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुढील दोन वर्षे त्या ग्रंथाच्या चिंतनात गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पदरी चार वर्षांचा दत्तू असलेल्या सत्तावीस वर्षांच्या पत्नीवर हा आघात कसा कोसळला असेल! पती जिवंत आहे, प्रेमाची पत्रे पाठवीत आहे, आणि तरी समाजाच्या दृष्टीने तो नाहीसा झालेला. सुवासिनी म्हणावे तर संसार नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. जलालपूर, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने त्यांनी सुमारे साडेचार-पाच वर्षे काढली. त्यांच्या वडील बहिणीने या काळात त्यांना जी माया दिली, तिची नोंद येथे आवर्जून केली पाहिजे. कारण अशा प्रसंगी ज्ञाती निष्ठुर होते एवढेच सांगण्याची रीत पडली आहे, आणि ते अर्धेच सत्य आहे. याच विरहाच्या काळात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या.

अखेर त्या पतीकडे अहमदनगरला गेल्या. पण गेल्या त्या स्वतःच्या अटीवर. राहण्याची सोय निराळी, चूल निराळी, पाणी निराळे. पतीचा धर्म पतीपाशी, आपले सोवळे आपल्यापाशी. टिळकांचा एक मोठेपणा असा की, त्यांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती कधी केली नाही. ती जे करील ते तिच्या स्वतःच्या विचाराने करावे, हा त्यांचा आग्रह होता. शेजारी मिशनची माणसे, त्यांची मुले, दुष्काळाने पोरकी होऊन आलेली पोरे. आणि मध्ये आपल्या पाण्याचा तांब्या जपणारी ही बाई.

येथे त्यांच्या आयुष्यातील खरे वळण आहे, आणि ते धर्मग्रंथाच्या पानावर आले नाही. माणूस देवाने निर्माण केला हे खरे, तर माणसामाणसांतील उच्चनीचभाव कोणी निर्माण केला, असा साधा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. ख्रिस्ताचा तेव्हा त्यांनी स्वीकार केलेला नव्हता. शास्त्रार्थ करण्याइतके त्यांचे वाचनही नव्हते. पण या प्रश्नाचे एकच उत्तर त्यांना प्रामाणिक वाटले, आणि उत्तर मिळताच त्यांनी ते आचरणात आणले. यापुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे, कोणाच्याही हातचे अन्न खावयाचे. ज्या घरात मीठ धुतले जाई, त्या घरातील मुलीने हा निश्चय करावा, याचे मोल पुस्तकी सुधारकाच्या दहा व्याख्यानांहून अधिक आहे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली राहुरी येथे झाला.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. लक्ष्मीबाई पतीच्या मागून ख्रिस्ती झाल्या, असे वरवर म्हटले जाते. पतीच्या मागून त्या गेल्या हे खरे, पण मध्ये पाच वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर त्यांनी स्वतःच्या पायांनी चालून काटले. पातिव्रत्याचे उदाहरण म्हणून त्यांचे चरित्र सांगणारे लोक हे विसरतात.

पुढील काळातील त्यांची भक्ती ही अशीच कामात मुरलेली होती. दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांच्या घरात वाढली. प्लेगच्या दिवसांत त्या रोग्यांच्या शुश्रूषेस पुढे झाल्या. बालकवी ठोमरे हे त्यांच्या घरी राहून गेले व लक्ष्मीबाईंचा पुत्रवत् लोभ त्यांना लाभला. प्रार्थनेची त्यांची रीत घरगुती होती. देवाशी बोलावयाचे ते माणसाशी बोलावे तसे. तक्रार असेल तर तक्रार, हसू असेल तर हसू. मिशनच्या शिस्तीत जे त्यांना हास्यास्पद वाटले त्यालाही त्या हसल्या, आणि स्वतःच्या भाबडेपणाला तर सर्वांत अधिक. गंभीर मुद्रा केल्यावाचून धर्म होत नाही, अशी समजूत हिंदूंत आहे तशी ख्रिस्त्यांतही आहे. लक्ष्मीबाईंनी दोहोंकडची समजूत मानली नाही.

आता साताऱ्याकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे आपल्या साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. तरीही सातारा-सांगलीकडील आपल्या मागल्या पिढ्यांना ख्रिस्ती समाजाची ओळख होती ती मुख्यत्वे मिरजेच्या डॉक्टर वानलेस यांच्या इस्पितळामुळे. तेथे आपल्याच घरांतील माणसे जात, बरी होऊन येत, डॉक्टरांस दुवा देत; पण ख्रिस्ती माणसाच्या ओसरीवर बसून देवाधर्माच्या चार गोष्टी करणे हे मात्र दुर्मिळ. टिळकांना तेच घडवून आणावयाचे होते. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेत असल्याचे जाहीर केले, आणि साताऱ्यास येऊन देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त ज्यात एकत्र बसतील असा हा बंधुसंघ होता. भजन-कीर्तन, अभंग, संतांची भाषा हे त्याचे रूप. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. सज्जनगडाच्या सावलीतील या रामदासी गावात एक ख्रिस्ती गोसावी दरबार मांडून बसतो, हे दृश्य जुन्या सातारकरांना नवलाचे वाटले असल्यास आश्चर्य नाही.

टिळकांनी संन्यास घेतला. पण संन्याशाच्या बिऱ्हाडातही पीठ-मीठ लागते. मिशनच्या वेतनाचा आधार सुटलेला, घरात मुलेबाळे, आणि दरबार म्हणजे आल्यागेल्यास दार मोकळे. टिळकांचा संन्यास बायकामुलांचा त्याग करणारा नव्हता, त्यामुळे कुटुंब साताऱ्यात त्यांच्याबरोबरच होते. दरबाराचा इतिहास लिहिणारे टिळकांच्या तत्त्वज्ञानावर पुष्कळ लिहितात. ते लिहावेच. परंतु ज्या घरात तो दरबार भरे, त्या घराचा संसार ज्या हातांनी सांभाळला, ते हात लक्ष्मीबाईंचे होते. पतीच्या प्रत्येक नव्या संकल्पाबरोबर बिऱ्हाड बांधावे, नव्या गावी मांडावे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते, तरी संन्यास ही गोष्ट पत्नीला सहज पचणारी नव्हे. पाण्याच्या तांब्यापासून सुरू झालेली त्यांची श्रद्धा येथे दुसऱ्या कसोटीस लागली. पहिल्या वेळी स्वतःचे काही सोडावयाचे होते. या वेळी दुसऱ्याने सोडलेल्याचा भार वाहावयाचा होता. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरे अधिक अवघड.

याच वास्तव्यात ५ मे १९१८ रोजी बालकवींना भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात मृत्यू आला. तिशीदेखील न गाठलेला तो कवी टिळकांच्या घराला मुलासारखा होता. त्यानंतर अवघ्या वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकच मुंबईच्या इस्पितळात निवर्तले. दरबार मांडून दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. संस्थापकाच्या मागे दरबाराला पूर्वीचे तेज राहिले नाही.

लक्ष्मीबाई तेव्हा एकावन्न वर्षांच्या होत्या. संचित धन काही नव्हते. टिळकांच्या घरात ते असणेच अशक्य. त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम पत्करले. पुढे मुलाच्या नोकरीनिमित्त कराचीस राहणे झाले, आणि अखेरीस त्या नाशिकला परतल्या. म्हणजे जेथून निघाल्या त्याच गोदावरीच्या काठी.

त्यांच्या उत्तरायुष्यातील दोन कामे चिरस्थायी झाली. पहिले ख्रिस्तायन. येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध गावे असा टिळकांचा संकल्प होता; परंतु दहा-अकरा अध्यायांपलीकडे तो गेला नव्हता. उरलेल्या साठाहून अधिक अध्यायांचा भार या बाईने उचलला. माजघरात श्रीधराच्या पोथ्या ऐकत वाढलेल्या पिढीला ओवी ही शिकावी लागत नसे. पतीच्या अपुऱ्या राहिलेल्या पूजेत पत्नीने उरलेली फुले वाहावीत, तसे हे लेखन आहे.

दुसरे काम म्हणजे अर्थातच स्मृतिचित्रे. टिळकांचे चरित्र लिहिण्याच्या हेतूने देवदत्त, म्हणजे तोच पंढरपूरचा लहानगा दत्तू, आईच्या आठवणी गोळा करू लागले आणि त्यातून हा ग्रंथ आकारास आला. संजीवनी या नियतकालिकातून आठवणी क्रमशः येऊ लागल्या. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. मराठीत स्त्रियांनी आत्मचरित्रे त्याआधीही लिहिली होती. रमाबाई रानड्यांचा ग्रंथ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु स्मृतिचित्रांची भाषा निराळीच. ओटीवर बसून सुपात धान्य पाखडता पाखडता सांगावे, तसे ते बोलणे आहे. त्यात कोणास उपदेश नाही, धर्मप्रचारही नाही. सोवळे आहे, उपवास आहेत, पतीशी भांडणे आहेत, उधारी आहे, आणि या सगळ्यांतून देवावरचा विश्वास असा वावरतो की, तो वेगळा काढून दाखविता येऊ नये. ख्रिस्ती वाचकाला त्यात आपली श्रद्धा सापडते. आपल्या घरांतील आजीबाईंना त्यात आपले माजघर सापडते. १९५० साली त्याचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध झाले, आणि पुढेही इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली.

आपल्या सभासद कुटुंबांतील तरुण मुलींनी हे पुस्तक वाचावे, अशी शिफारस करण्याचा मोह आवरत नाही. त्यातील आपल्या आचारांवरची टीका काही जणांस झोंबेल. झोंबू द्यावी. घरच्या लेकीने सांगितलेले खोटे तरी म्हणता येत नाही.

१९३३ साली नाशिकच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंना देण्यात आले. ज्या परिसरात एके काळी त्या नातलगांच्या आश्रयाने तोंड लपवून दिवस काढीत होत्या, तेथेच हा मान झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिकलाच त्यांचे देहावसान झाले. स्मृतिचित्रांचा चौथा भाग तेव्हा अपुरा होता. तो देवदत्तांनी पुरा करून त्याच वर्षी प्रसिद्ध केला. ख्रिस्तायन छापून बाहेर पडले ते १९३८ साली. ते पुस्तकरूपाने पाहण्यास ते आरंभिणारा आणि ते तडीस नेणारी, दोघांपैकी कोणीही उरले नव्हते.