वाटाण्याच्या रोपाची फिल्म दाखवून दादासाहेब फाळकेंनी पहिल्या सिनेमाचं भांडवल उभं केलं

आज हे काम एकदम सोपं आहे. मोबाईल स्टँडला लावायचा, ॲपमध्ये ठराविक वेळाने एक फोटो असं सेट करायचं आणि निवांत झोपायचं. सकाळपर्यंत कळीचं फूल झालेलं असतं आणि ॲपने सगळे फोटो जोडून दहा सेकंदांचा व्हिडिओही करून ठेवलेला असतो. याला आपण टाइमलॅप्स म्हणतो.

हाच उद्योग १९१२ साली मुंबईत एका माणसाने हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर केला होता. तेव्हा त्याचं वय होतं ४२. नोकरी सोडलेली, छापखान्याचा धंदा सुटलेला आणि विम्याची पॉलिसी गहाण पडलेली. त्या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके.

एकेक फ्रेम जोडायचं हे वेड त्यांना लागलं कसं आणि त्यातून भारतीय सिनेमा कसा उभा राहिला, तेच पाहूया.

सगळं शिकले, पण स्थिरावले नाहीत

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं शिकली.

मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. त्या सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी मिळाली, तीही त्यांनी सोडली. लोणावळ्यात भागीदारीत छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. नंतर भागीदारांशी बिनसलं आणि त्यातूनही बाहेर पडले.

याच काळात मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतो, तर आपले राम आणि कृष्ण का नाही चालणार, हा विचार तिथेच डोक्यात शिरला.

डोळेच गेले होते

त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली. दिवसा थिएटरमध्ये फिल्म बघायच्या आणि रात्री घरी प्रयोग करायचे. झोप जेमतेम तीन तास. या ताणाने काही काळ त्यांना दिसेनासं झालं. उपचारांनंतर दृष्टी परत आली आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले.

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून मिळालेले १० हजार रुपये हेच त्यांचं भांडवल. तिथे सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांना काम जवळून पाहता आलं. परत येताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला छिद्रं पाडायचं यंत्र खरेदी केलं. एप्रिलमध्ये ते मुंबईत परतले.

वाटाण्याचं गणित

आता सिनेमा काढायला पैसे हवे होते. पण सिनेमाला कर्ज कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची थोडी थोडी वाढ टिपत राहिले. फिल्म तयार झाली साधारण मिनिटभराची.

अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की ते रोज एक फ्रेम घ्यायचे. जरा हिशेब करून बघा. त्या काळी सेकंदाला साधारण १६ फ्रेम लागत. रोज एक फ्रेम घेतली, तर महिन्याच्या ३० फ्रेम दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराच्या फिल्मला ९६० च्या आसपास फ्रेम लागतात, म्हणजे सरासरी दिवसाला ३०. थोडक्यात, दिवसातून एकदा हँडल फिरवून हे काम भागणारं नव्हतं.

त्यात कॅमेरा तसूभरही हलून चालत नाही, उजेड बदलला की चित्र लुकलुकतं आणि फिल्म धुतल्याशिवाय काय आलंय ते कळत नाही. आज ॲपमध्ये चुकलेली फ्रेम डिलीट करता येते. तिथे मात्र रोप वाढून गेलं की पुन्हा बी पेरण्यावाचून इलाज नव्हता.

ही फिल्म पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे कर्ज द्यायला तयार झाले. एवढ्याने भागलं नाही, म्हणून सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

सरस्वतीबाईंचा वाटा

तेव्हाच्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं नसायची. ती अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुणं, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणं आणि शिवाय साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक, हे सगळं त्यांच्याकडेच.

स्त्री भूमिका करायला कुणी बाई तयार होईना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ फ्रेम धरल्या तर साधारण ५९ हजार चित्रं.

आजच्या इफेक्टचे जुने अवतार

पुढे ते नाशिकला गेले आणि एकामागून एक चित्रपट काढले. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्या एकेक फ्रेमला थोड्या थोड्या सरकवून हलत्या दाखवल्या होत्या. आज मुलं मोबाईलवर खेळणी सरकवून स्टॉप मोशन करतात, तोच हा प्रकार. १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार करतात, हे लोकांना समजावणारी फिल्मही त्यांनी काढली.

त्याच वर्षीच्या 'लंकादहन'मध्ये साळुंकेंनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी पडद्यावर बघता बघता कृष्णात विरघळते. ॲपमध्ये दोन क्लिपच्या मध्ये आपण जो डिझॉल्व्ह टाकतो, तो असाच दिसतो. तेव्हा त्यासाठी सहसा कॅमेऱ्याचं भिंग हळूहळू बंद करायचं, फिल्म तेवढीच मागे गुंडाळायची आणि दुसरं दृश्य त्याच फ्रेमवर हळूहळू उघडायचं. मोजणी चुकली की दोन्ही दृश्यं गेली.

शेवट

१९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. तिथेही मतभेद झाले, काही वर्षं ते काशीला जाऊन राहिले आणि पुन्हा परतले. पण बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

काड्यांची ती मौज आज पाहायला मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चारपैकी दोनच रिळं उरली आहेत आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात.

तेव्हा मोबाईलवर घरच्या कुंडीतल्या रोपाचा व्हिडिओ केलात, तर मूळ फोटो लगेच डिलीट करू नका. एक प्रत दुसरीकडेही ठेवा.