डॉ. अनिता अवचट : व्यसनी मुलांच्या मॅडम



होळी जवळ आली की आपल्या काठी-मोलगीच्या डोंगरपट्ट्यात बाहेरगावी मजुरीला गेलेली मुले घरी परततात. कोणी ऊसतोडीहून येतो, कोणी सुरतेहून, कोणी नाशिकहून. आईबाप दिवस मोजत असतात. पण काही घरांत परतलेला मुलगा वेगळाच असतो. जेवत नाही, नजर देत नाही, रात्रभर जागतो, आणि घरातले पैसे कुठे जातात ते कळत नाही. मोहाची दारू आपल्याकडे नवी नाही. सणाला, लग्नाला, देवाच्या कामाला ती लागते आणि तिने किती घरे बसवली हेही आपण जाणतो. पण गांजा, झोपेच्या गोळ्या, पंक्चरचे सोल्युशन हुंगणे आणि शहरातून येणारी पावडर ही दुखणी आपल्या आजोबांच्या वेळी नव्हती. त्यामुळे घरात कळले तरी काय करावे ते सुचत नाही. आधी लपवालपवी होते, मग मारझोड, मग भगताकडे फेऱ्या, आणि शेवटी मुलगा हाताबाहेर गेला म्हणून सोडून देणे.

म्हणून या रविवारी आम्ही एखाद्या संताचे नव्हे, तर पुण्याच्या एका डॉक्टरबाईंचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरीही हरवलेले मेंढरू शोधायला निघालेला मेंढपाळ आपण ज्या दाखल्यात ऐकतो, त्या दाखल्याची आठवण त्यांचे काम पाहून आम्हांला आल्यावाचून राहिली नाही.

डॉ. अनिता अवचट यांना घरी आणि मित्रमंडळींत सुनंदा म्हणत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत असताना त्यांची ओळख अनिल अवचट यांच्याशी झाली. अनिल हे जुन्नर तालुक्यातील ओतूरचे. दोघेही डॉक्टर झाले, दोघांनी लग्न केले. दोन डॉक्टरांचे घर म्हणजे पैशाला काय तोटा, असे कोणालाही वाटेल. पण अनिल यांना दवाखान्यात रस नव्हता. बिहारमधील दुष्काळ पाहून आल्यावर त्यांनी १९६९ साली पूर्णिया हे पुस्तक लिहिले आणि पुढे हमाल, देवदासी, विडी कामगार अशा माणसांबद्दल लिहिण्यातच आयुष्य घालवले. अशा लिखाणावर संसार चालत नाही. तो चालवला सुनंदाबाईंच्या पगाराने, आणि तेही तक्रार न करता. मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींना वाढवण्यात आणि घरकामात अनिल यांचा मोठा वाटा होता. बायको कमावते आणि नवरा स्वयंपाक करतो हे त्या काळी पुण्यातही नवलाचे होते. आपल्याकडे आजही आहे.

सुनंदाबाईंनी मानसोपचाराचे शिक्षण घेतले आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी धरली. हे रुग्णालय महाराष्ट्रातील फार मोठे. तिथे आलेल्या रुग्णाला नातेवाईक पुष्कळदा विसरून जातात. अशा माणसांत रोज वावरल्यामुळे, ज्याला सगळ्यांनी टाकले त्याच्याशी कसे बोलावे हे त्या शिकल्या असाव्यात असे आम्हांला वाटते. पुढे त्यांच्या उपयोगी पडले ते हेच शिक्षण.

१९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात गर्द नावाचा पदार्थ आला. ब्राऊन शुगर म्हणतात तीच ही. अफूपासून हेरॉईन बनते आणि गर्द म्हणजे भेसळीचे, कच्चे हेरॉईन. इराणमधील १९७९ ची क्रांती आणि पाठोपाठ अफगाणिस्तानात पेटलेले युद्ध यांमुळे अफूच्या व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि मुंबई बंदर त्या वाटेवर आले. सिगारेटच्या पाकिटातील चांदीवर ही भुकटी टाकायची, खालून काडी धरायची आणि धूर नळीने ओढायचा. सुई नाही, वास फारसा नाही. म्हणून पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सहज फसे. पहिल्यांदा मित्र फुकट देतो. काही दिवस फार बरे वाटते. मग हळूहळू तेच सुख मिळवायला जास्त पावडर लागते आणि शेवटी सुखाचा प्रश्नच उरत नाही. न घेतल्यास जे हाल होतात ते टाळण्यासाठी ती घ्यावी लागते. त्या हालांना ही मुले टर्की म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारखी दुखणे, उलट्या, जुलाब, झोप नाही. अशा वेळी मुलगा आईचे मंगळसूत्रही विकतो. तो चोर म्हणून जन्मलेला नसतो, पण घरच्यांना मात्र चोरच दिसतो.

अवचटांच्या ओळखीच्या एका घरातील तरुण मुलगा असाच अडकला. घरचे लोक मदत मागत या दांपत्याकडे आले. मुलाला स्वतःजवळ ठेवून घेण्यापासून सुरुवात झाली. तेव्हा दोघांच्या लक्षात आले की हा एक मुलगा नाही, अशी कितीतरी मुले गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या आईबापांना जायला जागाच नाही. पोलिसांकडे न्यावे तर मुलगा गुन्हेगार ठरतो. वेड्यांच्या इस्पितळात न्यावे तर तिथे तो मनोरुग्णांत पडतो, आणि घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्या गल्लीत जातो. अनिल यांनी या विषयावर वर्तमानपत्रात लेख लिहिले. पुढे त्यांचे गर्द हे पुस्तक झाले. लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. चाळीस वर्षांपूर्वीचे एक लाख रुपये!

पण पैसे मिळाले म्हणून केंद्र चालत नाही. ते चालवणार कोण, हा खरा प्रश्न होता, आणि तो भार सुनंदाबाईंनी उचलला. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. योगायोग म्हणावा की काय, अमली पदार्थांविरुद्धचा देशाचा कडक कायदाही नुकताच, १९८५ साली आला होता. सगळीकडे शिक्षेची भाषा चालू असताना या बाई उपचाराची भाषा बोलत होत्या.

त्यांची रीत थोडक्यात सांगणे कठीण आहे, कारण ती औषधाच्या चिठ्ठीसारखी नव्हती. पहिले काही दिवस टर्की सोसवावी म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे दिली जात. मग सुमारे पाच आठवडे मुक्काम. सकाळी उठणे, अंथरूण आवरणे, योगासने, झाडलोट, स्वयंपाकात मदत, सगळ्यांनी गोल बसून आपली हकीकत सांगणे. बड्या घरचा मुलगा आणि हमाली करणारा माणूस शेजारी शेजारी बसत. मारहाण नाही, अपमान नाही, साखळदंड नाहीत. आज ही गोष्ट साधी वाटते. पण व्यसन सोडवण्याच्या नावाखाली माणसांना बांधून ठेवणारी, उपाशी ठेवणारी ठिकाणे आपल्या देशात होती आणि अजूनही त्यांच्या बातम्या येतात, हे लक्षात घेतले म्हणजे या बाईंचे धाडस कळते. दांडगट, खोटे बोलायला सरावलेली, नशेपायी तुरुंगही पाहिलेली माणसे त्यांच्यापुढे बसत, आणि त्या त्यांच्यावर विश्वास टाकून मोकळ्या होत. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

त्यांची आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. जे बरे झाले त्यांनाच त्यांनी कामाला घेतले. व्यसनातून सुटलेला माणूस नव्याने आलेल्याला ओळखतो. त्याला फसवता येत नाही आणि तो तुच्छही लेखत नाही. दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेत हेच सूत्र १९३५ पासून चालत आले आहे. आपल्या चर्चमध्येही हे काम अनोळखी नाही. मुंबईत वांद्र्याच्या माऊंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ सालीच कृपा फाउंडेशन सुरू केले होते.

आणि जे बरे होऊन पुन्हा घसरले त्यांचे काय? इथे आम्हांला उधळ्या पुत्राचा दाखला आठवतो. त्या दाखल्यातील मुलगा एकदाच परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी होते. व्यसनी मुलगा मात्र पाच वेळा परत येतो आणि पाचही वेळा घरातले भांडे विकून पुन्हा निघून जातो. सहाव्या वेळी बापाने काय करावे हे दाखल्यात सांगितलेले नाही. सुनंदाबाईंच्या मते पुन्हा घसरणे हा या आजाराचाच भाग होता. क्षयरोग उलटला म्हणून आपण रुग्णाला शिव्या देत नाही, तसेच हे. मुक्तांगणात तो पुन्हा दाखल होऊ शकत असे. मात्र त्याचे लाड करा असे त्यांनी कधी सांगितले नाही. त्याचे कर्ज फेडू नका, त्याच्यासाठी खोटे बोलू नका, हातात रोख पैसे देऊ नका, हे घरच्यांना शिकवणे हा उपचाराचाच भाग असे. व्यसनी माणसाच्या बायकोचे दुखणे तर कोणी विचारातच घेत नाही. त्या बायकांना एकत्र आणून बोलते करण्याचे कामही मुक्तांगणाने केले.

या सगळ्या धावपळीत सुनंदाबाईंना कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, आजार पुन्हा उलटला. ज्या बाई दुसऱ्यांना उलटणाऱ्या आजाराशी झगडायला शिकवत होत्या, त्यांच्याच वाट्याला तो यावा! त्यांनी काम मात्र थांबवले नाही. अंगात बळ असेपर्यंत त्या रुग्णांत बसत राहिल्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलगी मुक्ता मानसशास्त्र शिकून आईच्या हाताखाली तयार झाली होती. तिने पुढे मुक्तांगणाची धुरा घेतली. २००९ साली व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग सुरू झाला. अनिल अवचट यांचे निधन २७ जानेवारी २०२२ रोजी झाले.

आता आपल्या भागाकडे वळतो. आपल्याकडे शपथेची परंपरा मोठी आहे. काठीच्या राजवाडी होळीसाठी पालनी धरणारी माणसे किती दिवस खाटेला पाठ लावत नाहीत, हे आपण पाहतो. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांच्या प्रेरणेने १९३७-३८ च्या सुमारास हजारो आदिवासी बांधवांनी दारू सोडली. आप की जय म्हणत एकमेकांना भेटणारे त्यांचे अनुयायी आजही आपल्या शेजारी आहेत. आपल्या चर्चमध्येही डब्लिनचे आदरणीय मॅट टॅलबॉट यांचे उदाहरण आहे. बारा-तेराव्या वर्षी दारूच्या आहारी गेलेला हा गरीब मजूर १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, शपथ घेऊन सुटला आणि १९२५ मध्ये मरेपर्यंत प्यायला नाही. शपथेत बळ आहे. पण सुनंदाबाईंच्या कामाने एक गोष्ट दाखवून दिली : शरीर गुंतलेले असते तेव्हा शपथेला औषधाची जोड लागते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आणि गर्द काही आठवडे सोडलेल्या मुलाने पुन्हा पहिल्याइतकीच मात्रा घेतली तर शरीर ती सोसत नाही आणि श्वास थांबतो. म्हणून अशा मुलाला खोलीत कोंडून ठेवू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.

पुष्कळ आईबाप पोलिसांच्या भीतीने गप्प राहतात. विकणाऱ्याला कायदा कडक आहे, यात शंका नाही. पण जो स्वतः सेवन करतो किंवा ज्याच्याजवळ अगदी थोडा पदार्थ सापडला आहे, तो आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही त्याच कायद्यात आहे. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते संरक्षण जाऊ शकते.

व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. त्यावर जवळच्या केंद्राची माहिती मिळते. ज्यांना फोनवर बोलणे अवघड वाटते त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर फादरांना किंवा सिस्टरांना एकट्याने भेटावे. मुलगा यायला तयार नसला तरी आईने किंवा बापाने एकट्याने आले तरी चालेल.